हाडांचा स्कॅन काढला आणि रिपोर्टमध्ये मऊ ऊती! हे काय प्रकरण आहे?

सांजवेळ
रविवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. आईला (वय ७१) गेली ११ वर्षं आमवात आहे. गोळ्या नियमित. मधली काही वर्षं चांगली गेली, पण गेले तीन महिने दोन्ही मनगटं, उजवी टाच आणि अधूनमधून "सगळंच" दुखतंय. रक्ताच्या तपासणीत सूज थोडी वाढलेली, एक्स-रे मात्र मागच्या वर्षीसारखाच. डॉक्टरांनी तीन टप्प्यांचा बोन स्कॅन सांगितला, तो काल झाला.

रिपोर्ट आज हातात आला. वैद्यकीय भाषा गाळून सांगते. दोन्ही मनगटांभोवती मऊ ऊतींमध्ये (म्हणजे हाडाबाहेरचा मांसल भाग) अपटेक (म्हणजे स्कॅनसाठी दिलेलं द्रव्य जमा होणं) वाढलेला, उजवीकडे जास्त. उजव्या टाचेच्या मागच्या बाजूला तसंच. इथवर ठीक, कारण तिथे दुखतंयच. पण शेवटच्या ओळीत आहे की डाव्या कोपराच्या पुढच्या बाजूला मऊ ऊतीत आणि डाव्या काखेत एका ठिकाणी अपटेक दिसतो, प्रत्यक्ष तपासणीशी पडताळून पाहावे.

एकतर हाडांच्या स्कॅनमध्ये मऊ भाग दिसतो कसा? आणि दिसला तरी त्यावर किती भरवसा ठेवायचा? डॉक्टरांची वेळ शुक्रवारची मिळाली आहे. "काखेत" हा शब्द वाचल्यापासून माझी झोप उडाली आहे. आईला अजून त्या ओळीबद्दल सांगितलेलं नाही.

---

चिमटा
रविवार, रात्री १०:५८

बाण मारला हाडाला, लागला मांसाला. (हलकेच घ्या ताई. आईंना लवकर आराम पडो.)

---

मोगरी
रविवार, रात्री ११:१५

माझा बोन स्कॅन दोनदा झालाय. पाच-दहा मिनिटं आडवं पडायचं, इंजेक्शन नाही, काही नाही. शेवटी टी स्कोअर देतात. त्यात काखेबिखेचं काही नव्हतं. तुमचा रिपोर्ट दुसऱ्या कोणाचा तर नाही ना आला?

---

वेलांटी
सोमवार, सकाळी ७:३०

मोगरी, तुझा डेक्सा झालाय. त्यात हाडांची घनता मोजतात आणि तो क्ष-किरणांवर चालतो. धाग्यातला स्कॅन वेगळा, त्यात शिरेतून किरणोत्सारी द्रव्य देतात. दोन्हींना लोक "हाडांचा स्कॅन" म्हणतात. माझ्या सासऱ्यांना एकाऐवजी दुसऱ्याची वेळ मिळाली होती, तेही तिथे जाऊन पलंगावर चढल्यावर कळलं.

---

अणुरेणू
सोमवार, सकाळी ८:०५

माझा पोटापाण्याचा धंदाच हा आहे (न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये तंत्रज्ञ, डॉक्टर नव्हे), म्हणून जरा लांब लिहितो.

शिरेतून जे देतात ते टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी मूलद्रव्य, एमडीपी नावाच्या फॉस्फेटच्या भावंडाला चिकटवलेलं. हे भावंड हाडातल्या कॅल्शियमच्या स्फटिकांवर जाऊन बसतं. जिथे हाडाची मोडतोड-बांधणी जोरात चालू असते तिथे जास्त बसतं. त्यातून निघणारे गॅमा किरण कॅमेरा टिपतो. एक्स-रेमध्ये हाडाचा आकार दिसतो, इथे हाडाची लगबग दिसते.

पण द्रव्य शिरेतून थेट हाडात उडी मारत नाही, आधी रक्ताबरोबर सगळीकडे फिरतं. तीन टप्प्यांच्या स्कॅनमधली मेख इथेच आहे. पहिला टप्पा सुई दिल्या दिल्या: मिनिटभर, दर दोन-तीन सेकंदांनी एक चित्र. रक्त कुठे धावत जातंय ते कळतं. दुसरा पहिल्या दहाएक मिनिटांच्या आत, त्याला ब्लड पूल म्हणतात. सुजलेल्या भागात रक्त जास्त साठतं आणि केशवाहिन्या पाझरतात, म्हणून सांध्याचं अस्तर, कंडरेभोवतीचं (स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीभोवतीचं) आवरण, हाड आणि कंडरा यांच्यामधल्या पाणथळ पिशव्या (बर्सा), सुजलेलं काहीही या चित्रात उजळतं. मऊ ऊतींची बातमी असते ती इथे. तिसरा टप्पा दोन ते चार तासांनी. तोवर मऊ भागातलं बरंचसं द्रव्य धुऊन लघवीवाटे गेलेलं असतं आणि हाडं स्वच्छ दिसतात. म्हणून तर मधल्या वेळात पाणी प्या, पाणी प्या असा आमचा जप चालतो.

ढोबळ हिशेब असा: आधीच्या चित्रांत उजळ आणि शेवटच्या चित्रात विझलेलं, तर सूज मऊ भागापुरती असण्याची शक्यता जास्त. तिन्हींत उजळ, तर हाड किंवा सांधाही सामील आहे. मऊ भाग शेवटच्या चित्रातही उजळ राहिला, तर तिथे कॅल्शियम साठलंय का ते बघतात. खांद्याच्या कंडरेत खडू साठतो तसं, किंवा मार लागलेल्या स्नायूत हाड धरतं तसं.

सांजवेळताई, आता एक प्रश्न, उत्तर नक्की द्या. सुई कोणत्या हाताला दिली होती? आणि पहिल्या फटक्यात शीर मिळाली का?

---

तिरपागडा
सोमवार, सकाळी ९:४०

अणुरेणूंचा प्रतिसाद छान, पण मला मुळातच हे पटत नाही. मऊ ऊती बघायच्या तर सोनोग्राफी आहे, एमआरआय आहे. त्यात कंडरा दिसते, तिची चीर दिसते, अस्तर किती जाड झालंय ते दिसतं. पॉवर डॉपलर लावला की रक्तप्रवाहही दिसतो. बोन स्कॅनमध्ये काय दिसतं? डाग. तो संसर्गाचा की वाताचा की परवा दार लागलं त्याचा, हे डाग सांगत नाही. वर किरणोत्सार फुकट. आमवाताच्या रुग्णाला हा स्कॅन लिहून देणं म्हणजे हरवलेली सुई शोधायला अख्ख्या गावाचे दिवे लावण्यासारखं आहे.

---

गुडघ्याला बाशिंग
सोमवार, सकाळी १०:२०

तिरपागड्याशी निम्मा सहमत. माझं सांगतो.

मलाही आमवात, १६ वर्षं झाली. मनगटाच्या वरच्या बाजूला, करंगळीकडे, मऊ फुगवटा आला होता. दुखत फारसं नव्हतं. "वात आहे, चालायचंच" म्हणून वर्षभर सोडून दिलं. एका सकाळी चहाचा कप ठेवला आणि करंगळी सरळ होईना. खाली लोंबलेली. दुसऱ्या हाताने उचलली की वर जायची, सोडली की खाली. दहाएक दिवसांत शेजारचं बोटही तसंच. नस दबली असेल असं वाटलं होतं, पण कंडरा तुटल्या होत्या! आवरणाची सूज आणि खालच्या खडबडीत झालेल्या हाडाच्या टोकावरचं घासणं, दोन्हींनी मिळून दोरी झिजावी तशा झिजल्या. शस्त्रक्रियेत तुटलेली टोकं शेजारच्या शाबूत कंडरेला जोडून दिली. आता टाइप करता येतं, बाकी मूठ अर्धवट.

सांगायचा मुद्दा, आमवातात आपण सगळे हाडं-सांधे करत बसतो आणि मऊ भागाकडे कोणी बघत नाही. तपासणी कोणती ते डॉक्टर ठरवतील, पण मनगटावरचा फुगवटा अंगावर काढू नका. सांजवेळताई, आईंना पाची बोटं एकेक करून वर उचलायला सांगा बरं.

---

चिमटा
सोमवार, सकाळी १०:३१

बाशिंगराव, इतक्या वर्षांनी तुमच्या आयडीचा अर्थ कळला. मी समजत होतो लग्नाची घाई आहे.

---

गुडघ्याला बाशिंग
सोमवार, सकाळी १०:३५

दोन्ही गुडघे बदललेत रे बाबा. बाशिंग बांधायला जागाही नवीकोरी आहे.

---

अणुरेणू
सोमवार, दुपारी १:१५

तिरपागडा, तुमचं म्हणणं बरंचसं खरं आहे. डाग "कुठे" ते सांगतो, "काय" ते सांगत नाही. काही मिलिमीटरची चीर आमच्या कॅमेऱ्याला दिसणारच नाही. एका सांध्याचा प्रश्न असेल तर मीही आधी सोनोग्राफीच म्हणेन.

पण सोनोग्राफीचा प्रोब एका वेळी एकाच जागी ठेवता येतो. रुग्ण "सगळंच दुखतंय" म्हणतो तेव्हा कुठून सुरुवात करणार? इथे एका फेरीत डोक्यापासून पायापर्यंत चित्र मिळतं. आणि सांध्यांचा नकाशा बोलका असतो. मनगटं, बोटांची मुळं, पायाच्या बोटांची मुळं अशी दोन्हीकडे सारखी उजळली तर आमवाताची चाल. बोटांची शेवटची पेरं, अंगठ्याचं मूळ, गुडघे असतील तर झिजेची. कंडरा जिथे हाडाला चिकटते त्या जागा उजळल्या तर सोरायसिसबरोबरच्या किंवा पाठीच्या वाताची शंका. निदान एवढ्यावर होत नाही, पण दिशा मिळते.

तुम्ही संसर्गाचं नाव काढलंत, तर तिथे हे टप्पेच कामाला येतात. वाताचे रुग्ण प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेतात. अशा कोणाचा पाय लाल झाला, सुजला, तर नुसत्या कातडीखालच्या संसर्गात पहिली दोन चित्रं उजळ आणि तिसऱ्यात हाड साधारण शांत असतं. हाडापर्यंत पोचला असेल तर तिन्ही उजळ. उपचारांच्या मुदतीत आठवड्यांचा फरक पडतो त्याने. (सांधा आधीच वाताने पेटलेला असेल तर हा हिशेब गढूळ होतो, हेही कबूल.)

शिवाय काहींना एमआरआय चालतच नाही.

---

वेलांटी
सोमवार, दुपारी ३:००

"किरणोत्सार फुकट" वरून. सासऱ्यांच्या वेळी विचारलं होतं. साधारण ४ मिलिसिव्हर्ट (अंगाला मिळणारा किरणोत्सार मोजायचं एकक). निसर्गातूनच माणसाला जगभरात सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, म्हणजे दोन वर्षांपेक्षा कमीचा हप्ता. अगदीच नगण्य नाही, पण बाऊ करण्याइतकाही नाही. गरोदर असाल किंवा शंका असेल तर आधी सांगायचं, अंगावर पाजत असाल तरी सांगायचं, एवढं मात्र पाळा.

---

चिमटा
सोमवार, दुपारी ३:१२

म्हणजे रात्री दिवा न लावता पुस्तक वाचता येत नाही? मग काय उपयोग.

---

आजोबा_ऑनलाईन
सोमवार, संध्याकाळी ६:२५

अवांतर, पण राहवत नाही. मी रसायनशास्त्र शिकवलं आयुष्यभर. आवर्तसारणीत ४३ क्रमांकाची जागा कित्येक वर्षं रिकामी होती. मेंडेलीव्हने तिथे काहीतरी असणार असं भाकीत केलं होतं. बऱ्याच जणांनी "सापडलं" म्हणून घोषणा केल्या आणि तोंडावर आपटले. अखेर १९३७ मध्ये इटलीत पालेर्मोला सेग्रे आणि पेरिए या दोघांना ते मिळालं, तेही खाणीत नव्हे. अमेरिकेतल्या सायक्लोट्रॉनमध्ये (अणूंचे कण वेगाने फिरवणारं यंत्र) वापरून झालेला मॉलिब्डेनमचा पत्रा टपालाने मागवला होता, त्यात! माणसाने कृत्रिमरीत्या घडवलेलं पहिलं मूलद्रव्य, म्हणून "कृत्रिम" अर्थाच्या ग्रीक शब्दावरून नाव टेक्नेशियम.

स्कॅनमधल्या ९९एम प्रकाराचं अर्धायुष्य ६ तास. म्हणजे दर ६ तासांनी निम्मं. २४ तासांत सोळावा हिस्सा उरतो, आणि लघवीतून जातं ते वेगळं. चिमटाराव, तुमचं पुस्तक पहिल्या प्रकरणातच विझेल.

---

उंबरठा
सोमवार, रात्री ९:५०

सहसा वाचनमात्र असतो, पण या विषयावर लिहायलाच हवं.

वडिलांचं वय ७६. हाताला मुंग्या यायच्या, दोन्ही मनगटांची कार्पल टनेलची (मनगटातल्या बोगद्यात नस दबते त्याची) शस्त्रक्रिया सहा वर्षांपूर्वी झालेली. गेल्या वर्षी खांदे-कंबर दुखते म्हणून बोन स्कॅन केला. सांधे वयाप्रमाणे झिजलेले निघाले. पण रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांनी एक ओळ टाकली होती: हृदयाच्या जागी द्रव्य दिसते आहे, हृदयतज्ज्ञांना दाखवावे. वडिलांना छातीत काहीच होत नव्हतं. जिना चढताना दम लागायचा तो आम्ही वयावर ढकललेला.

पुढे रक्त, लघवी, इको, पुन्हा हृदयाचा वेगळा स्कॅन असं होऊन निदान झालं, ट्रान्सथायरेटिन नावाच्या प्रथिनाचा अमायलॉइडोसिस. ते प्रथिन हृदयाच्या स्नायूत साचत जातं. आणि मनगटातल्या बोगद्यातही साचतं! म्हातारपणी दोन्ही हातांचं कार्पल टनेल ही त्याची हृदयाच्या कितीतरी वर्षं आधीची खूण असू शकते, हे तेव्हा कळलं. आता औषध चालू आहे.

तेव्हा तिरपागडा, आमच्या घरी त्या डागाबद्दल कोणी वाईट बोलत नाही.

---

तिरपागडा
सोमवार, रात्री १०:१०

वडिलांना शुभेच्छा. लागला तो मटका, असंच अजूनही म्हणेन. पण अशा मटक्याला माझी हरकत नाही.

---

खडूफळा
मंगळवार, सकाळी ७:५०

माझी उलटी गोष्ट. अंगभर दुखायचं, दोन वर्षं कोणी वात म्हणालं, कोणी मनाचे खेळ. स्कॅन केला, सगळं शांत. तेव्हा रडले होते, की आता तर कोणीच विश्वास ठेवणार नाही. पण त्या कोऱ्या चित्रामुळे आणि नॉर्मल रक्तामुळे डॉक्टरांनी स्टेरॉइडचा विषय बंद केला आणि फायब्रोमायल्जियाच्या (सूज नसताना अंगभर दुखण्याचा आजार) वाटेने उपचार सुरू केले. कोरं चित्र म्हणजे दुखणं खोटं असं नसतं, हे घरच्यांना समजावायला मात्र आणखी एक वर्ष गेलं.

---

मोगरी
मंगळवार, सकाळी ११:०५

अणुरेणू, त्या चित्रात चुकीचंही काही दिसतं का? म्हणजे नसलेलं?

---

अणुरेणू
मंगळवार, दुपारी १:४०

रोज. लघवीचा एक थेंब पायजम्यावर सांडला तर मांडीत "गाठ" दिसते. कपडे बदलून पुन्हा चित्र घ्यायचं, गाठ गायब. खिशात नाणी, गळ्यात जाड चेन असेल तर तिथे उलट काळं भोक पडतं. द्रव्य नीट तयार झालं नसेल तर गळ्यातली थायरॉइड ग्रंथी आणि जठर उजळतं. आणि सांधा बदललेला असेल तर त्याच्याभोवती बरेच महिने, गुडघ्याला तर वर्ष-दोन वर्षंही, उजेड राहतो, तो बिघाडच असतो असं नाही. बाशिंगराव, तुमचे गुडघे आमच्याकडे दिवाळी करतील.

सगळ्यात नेहमीची गंमत मात्र वेगळीच आहे. पण सांजवेळताईंचं उत्तर येऊ दे.

---

सांजवेळ
मंगळवार, रात्री ११:२०

माफ करा, दोन दिवस ऑफिस आणि आई यात फिरकता आलं नाही. सगळे प्रतिसाद आत्ता एका बैठकीत वाचले.

बाशिंगदादा, बोटं उचलून बघितली. पाचही वर जातात. पण मनगटावर करंगळीच्या बाजूला फुगवटा आहे, मी आजवर नीट बघितलाच नव्हता.

एमआरआय का नाही, तर आईला जुना पेसमेकर आहे, त्याच्या कार्डावर एमआरआय चालणार नाही असं लिहिलंय. हे आधीच सांगायला हवं होतं.

अणुरेणू, सुई डाव्या हाताला, कोपराच्या खोबणीत. कारण उजवं मनगट जास्त दुखत होतं. पहिल्यांदा शीर मिळाली असं वाटलं, औषध सोडायला सुरुवात केली तशी आई ओरडली आणि तिथे टेंगूळ आलं. मग ते थांबवून जरा वर दुसरी शीर शोधून उरलेलं दिलं. टेंगूळ संध्याकाळपर्यंत उतरलं. का विचारताय?

---

तिरपागडा
मंगळवार, रात्री ११:२८

पेसमेकर आहे!! दोन दिवस मी एमआरआयच्या नावाने घसा फोडतोय!

---

अणुरेणू
बुधवार, सकाळी ७:१०

का ते सांगतो. सुई शिरेतून निसटली की द्रव्य आजूबाजूच्या मांसात सांडतं. तिथे ते हळूहळू शोषलं जातं, म्हणून कोपराच्या पुढच्या बाजूला डाग दिसतो. सांडलेल्यातलं थोडं लसिकावाहिन्यांतून (ऊतींमधलं पाणी परत नेणाऱ्या बारीक नळ्यांतून) वर जातं आणि पहिलं ठाणं लागतं ते त्याच बाजूच्या काखेतल्या गाठींचं. म्हणजे डावं कोपर आणि डावी काख, दोन्ही डाग एकाच सांडलेल्या थेंबाचे असण्याची शक्यता खूप आहे.

खरं तर सुईची जागा आणि औषध सांडल्याची नोंद स्कॅनच्या कागदावर हवी. तुमच्या रिपोर्टमध्ये ती दिसत नाही, म्हणून रिपोर्ट लिहिणाऱ्याने बिचाऱ्याने "पडताळून पाहावे" असं लिहिलं.

पण हे मी स्क्रीनपलीकडून बोलतोय. शुक्रवारी डॉक्टरांना हे सगळं असंच्या असं सांगा आणि काख हाताने तपासून घ्या. माझ्या भरवशावर तो भाग सोडू नका.

---

वेलांटी
बुधवार, सकाळी ७:४५

आणि आम्ही इकडे पालेर्मोला जाऊन आलो. पहिल्याच दिवशी प्रश्न विचारला होता की!

---

सांजवेळ
शनिवार, सकाळी ९:३०

काल जाऊन आलो.

डॉक्टरांनी दोन्ही काखा, मान, स्तन व्यवस्थित तपासले. गाठ लागली नाही. टेंगळाची हकिकत ऐकून त्यांनी समोरच स्कॅनच्या विभागाला फोन लावला, तिथल्या डॉक्टरांनी चित्रं पुन्हा बघितली आणि सुधारित रिपोर्ट पाठवला: कोपर आणि काखेतला अपटेक औषध सांडल्यामुळे. तरी महिन्याने काख पुन्हा एकदा तपासायची आहे.

मनगटांची आणि टाचेची सोनोग्राफी तिथेच केली. उजव्या मनगटात करंगळीच्या बाजूच्या कंडरेचं आवरण चांगलंच सुजलंय, कंडरा शाबूत आहे. टाचेत कंडरेच्या पुढच्या बर्सात पाणी. औषध वाढवलंय, मनगटाला रात्री आधाराचा पट्टा दिलाय, आणि सहा आठवड्यांत फुगवटा उतरला नाही तर हाताच्या सर्जनना दाखवायचं. बाशिंगदादांची करंगळी मी त्यांना सांगितली. म्हणाले, म्हणूनच घाई.

---

तिरपागडा
शनिवार, सकाळी ९:४२

फार बरं वाटलं. नोंद घ्यावी, शेवटी सांगितलं सोनोग्राफीनेच.

---

अणुरेणू
शनिवार, सकाळी ९:५०

आणि टाचेवर प्रोब ठेवायचा हे कोणी सांगितलं?

---

मोगरी
शनिवार, सकाळी १०:०५

टाच तर आईंनीच सांगितली होती ना? पहिल्याच परिच्छेदात आहे.

---

सांजवेळ
शनिवार, सकाळी १०:४०

अगदी. काल घरी आल्यावर काखेचं प्रकरण सुरुवातीपासून आईला सांगितलं, आठवडाभर का लपवलं तेही. सगळं शांतपणे ऐकून म्हणाली, "त्या मुलाला शीर सापडत नव्हती, औषध बाहेर जातंय, हे मी तेव्हाच ओरडून सांगत होते. तू फोनवर बोलत होतीस."